आबांच्या तीन बंदुका

माझ्या वडिलांकडे तीन बंदुका होत्या आणि त्या तिघींनी मिळून माझ्या माहितीत एकही प्राणी मारलेला नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण महाडच्या शाळेत जिथे मी इतिहास शिकवते, तिथल्या शिक्षकांना बंदुकांचं कळल्यापासून ते माझ्याशी जरा जपून बोलायला लागले होते. मुख्याध्यापकांनी तर माझी एक रजा न विचारता मंजूर केली. मी त्यांचा गैरसमज दूर केला नाही.

आबा आणि आई पोलादपूरच्या वरच्या अंगाला एका वाडीत राहतात. भात, थोडी नाचणी, परसात केळी. भाऊ नोकरीसाठी मुंबईला गेला तो तिथलाच झाला. मी त्यातल्या त्यात जवळ, म्हणून घरातला प्रत्येक सरकारी कागद माझ्याकडे येतो.

तीन बंदुकांपैकी पहिली आजोबांची. ठासणीची, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू आणि छर्रे भरून वरून लोखंडी गजाने ठासायची. रानडुकरांपासून शेत राखायला म्हणून आजोबांना तिचा परवाना मिळाला होता. ती इतकी लांब होती, की मी दहावीला जाईपर्यंत ती माझ्यापेक्षा उंच होती. दुसरी दुनळी. कशेडीच्या बाजूला एक निवृत्त सुभेदार राहायचे, त्यांच्याकडून आबांनी ती तरुणपणी रीतसर घेतली. तिच्या लोखंडावर दोन बदकं कोरलेली होती, आणि आबांनी ती बंदूक त्या बदकांसाठीच घेतली असा आईचा ठाम समज आहे. ती दिसायला देखणी, पण तिच्या मापाची काडतुसं कधीच मिळेनाशी झाली होती. तिसरी एकनळी, सरकारी कारखान्यात बनलेली, साधी, नळाच्या पाइपाला दस्ता लावल्यासारखी दिसणारी. धड वाजायची ती तेवढीच. आबांना ती अजिबात आवडत नसे.

आबा या तिघींना ‘माजा संग्रह’ म्हणायचे. हा शब्द त्यांनी कुठून उचलला कोण जाणे. पाहुणे आले, की चहाच्या आधी संग्रह दाखवला जायचा.

मग कायदा बदलला. पूर्वी एका माणसाकडे तीन हत्यारं चालायची, आता दोनच ठेवता येणार होती. पोलीसपाटील घरी येऊन सांगून गेले, की तिन्ही बंदुका तपासायला ठाण्यावर आणा आणि त्यातली एक जमा करा. आबांनी त्याच दिवशी मला फोन केला.

“बाय, रविवारी ये. तू इतिहासाची मास्तरीण. जुन्या हत्यारातलं तुला कळतं.”

मला जुन्या हत्यारातलं पाठ्यपुस्तकातल्या दोन चित्रांइतकं कळत होतं. शिवाय दर वर्षी हिरकणीवाडीला सहल न्यायची आणि किल्ल्याच्या रोपवेच्या रांगेत मुलं मोजायची, एवढाच माझा युद्धशास्त्राशी संबंध. पण वडिलांनी आयुष्यात पहिल्यांदा मला कशातलं तरी कळतं असं म्हटलं होतं. मी गेले.

पडवीत गोधडी अंथरून तिघींना शेजारी शेजारी निजवलं होतं. आबांनी त्यांना खोबरेल लावून पुसलं होतं, बारशाला बाळाला लावावं तसं. मी वहीत तक्ता आखून नेला होता. वय, अवस्था, उपयोग, दुर्मिळता. प्रत्येक रकान्यात गुण दिले आणि बेरीज करून दाखवली. एकनळी पहिली आली, दुनळी दुसरी. आजोबांची बंदूक वय सोडून बाकी सगळ्या विषयांत नापास.

आबांनी तक्ता नीट पाहिला. मग विचारलं, “ह्यो तू पोरांना पण असाच लावतेस?”

“हो.”

“मंग बरोबर. पोरं तुला घाबरतात.”

त्यांनी वही बंद करून माझ्या हातात दिली आणि तो विषय संपला.

भावाचं मत फोनवर आलं. “आबा, डबल बॅरल सोडायची नाही हां. अपना हेरिटेज है वो. मी इकडे हॉलमध्ये फ्रेम करून लावतो.”

“परवाना काय भिंतीच्या नावानं काढशील?” आबांनी विचारलं. भावाने नेटवर्क जात असल्याचं सांगितलं.

आईचं मत कुणी विचारलं नव्हतं, पण तिने ते माजघरातून दिलं. “तिन्ही देऊन टाका. खुंट्या मोकळ्या होतील.”

यानंतर तीन महिने आबा निवड करत होते. माझ्या लग्नाच्या वेळी स्थळं पाहताना त्यांनी इतका विचार केल्याचं मला आठवत नाही. एका रविवारी दुनळी जायची ठरायची, कारण काडतुसं नसतील तर ती नुसती बदकं. पुढच्या रविवारी बदकांकडे बघून त्यांचं मन बदलायचं. वाडीतले लोक येऊन सल्ला देत. ज्यांनी आयुष्यात गलोलसुद्धा धरली नव्हती तेही नळीत एक डोळा लावून मान हलवत. आबा सगळ्यांचं ऐकून घेत आणि चहा देत. शेवटी एका सकाळी त्यांचा फोन आला.

“ठरलं. एकनळी देतो.”

“आबा, धड वाजते ती तेवढीच आहे.”

“वाजायला फटाके हायत. ती सरकारच्या कारखान्यातली. सरकारची वस्तू सरकारला परत. त्यात आपलं काय जात नाय.”

हे तर्कशास्त्र मी पुढे दोन-तीनदा वापरून पाहिलं आहे. ते कशालाही लागू पडतं.

ठरल्या दिवशी मी शाळेतून रजा काढली. तिन्ही बंदुका गोधडीत गुंडाळून आम्ही शेजाऱ्यांच्या रिक्षाने पोलादपूरला आलो. आबांनी लग्नाकार्याचा पांढरा सदरा घातला होता. ठाण्यात एक हवालदार नोंदी करत होते, वयाने माझ्याएवढे, आवाजाने शांत. जिल्ह्याहून बंदुका तपासणारे एक गृहस्थ आले होते. ते खात्यातलेच कारागीर, डोळ्यांवर जाड चष्मा आणि हाताला तेल. आमच्या आधी दोन शेतकरी होते. त्यांचं झाल्यावर आमची गोधडी टेबलावर उलगडली गेली.

एकनळी त्यांनी झटक्यात पाहिली आणि ठीक म्हणाले. दुनळी पाहताना ते बदकांवरून अंगठा फिरवत थोडा वेळ थांबले. आबांनी माझ्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात माझ्या तक्त्याचा निकाल होता.

मग त्यांनी आजोबांची बंदूक घेतली. नळीत गज घातला, बोटाने खूण केली, गज बाहेर काढून नळीला बाहेरून लावून पाहिला. पुन्हा घातला. टॉर्च लावला. नळीच्या मागच्या बाजूला बारीक भोक असतं, जिथून दारूला आग पोचते, तिथे सुई घालून पाहिली. सुई आत जाईना.

“बाबा, ही शेवटची कधी वाजवली?”

“हिच्यावर तर आमचं शेत हाय,” आबा म्हणाले. “दर साली वाजते.”

त्या गृहस्थांनी चष्मा काढून पुसला. मग हवालदारांना सांगितलं, “ही बंदूक नाही. आतून वीतभर शिसं ओतून नळी बंद केलेली आहे, भोकही बुजवलंय. वर नळीला चीरही गेली आहे. दुरुस्ती करूनसुद्धा ही वाजणार नाही.”

हवालदारांचा चेहरा खुलला. ते माझ्याकडे वळून म्हणाले, “मग तुमचं काम सोपं झालं, मॅडम. जी वाजूच शकत नाही अशी जुनी वस्तू, तिला परवाना लागत नाही. तुम्ही एक अर्ज द्या, ती परवान्यावरून कमी होईल. उरल्या दोन. काहीच जमा करायला नको. तिन्ही घरी घेऊन जा.”

मला खरोखर हसू आलं. तीन महिने, तेवढे रविवार, माझा तक्ता, आणि शेवटी सरकारने आम्हाला फुकटात सोडवलं होतं. मी पर्समधून पेन काढलं. अर्जाचा मायना माझ्या डोक्यात तयार होता.

“थांब,” आबा म्हणाले.

ते खुर्चीवरून उठले आणि टेबलाला धरून उभे राहिले. “सायेब, त्या अर्जात काय लिवायचं?”

“हेच की ही वस्तू बंदूक म्हणून वापरता येत नाही. शोभेची आहे.”

“ही माज्या बापाची बंदूक हाय.”

“हो बाबा, पण आता...”

“त्याला सरकारनं परवाना दिला तवा त्यात बंदूकच लिवलं होतं. शोभेची वस्तू नाय लिवलं. ही घेऊन त्यो रानात बसायचा. मी पण बसलो.”

हवालदारांनी पेन खाली ठेवलं. त्यांनी समजुतीच्या स्वरात, एखाद्या आजारी माणसाला औषध समजावून सांगावं तसं सांगितलं, “बाबा, बंदूक म्हणूनच ठेवायची असली तर आम्ही ती काढणार नाही. ती परवान्यावर आहेच. पण मग तुमच्याकडे तीन होतात. एक इथे ठेवून जावी लागेल.”

“ठेवतो ना. ठरवूनच आलोय.”

“आबा,” मी म्हणाले, “तिन्ही घरी नेता येतायत. नुसती एक सही.”

“सही तू कर तुज्या शाळेत.”

त्यांनी एकनळी उचलून टेबलाच्या पलीकडे सरकवली. वाजणारी ती एकच बंदूक त्यांनी सरकारजमा केली आणि उरलेल्या दोघींना गोधडीत गुंडाळलं. एक, जिला काडतूस मिळत नाही. दुसरी, जी तज्ज्ञांच्या मते बंदूकच नाही. आम्ही निघताना तपासणारे गृहस्थ उठून उभे राहिले, ते आबांसाठी की पाठ मोकळी करायला, ते मला कळलं नाही.

घरी पोचल्यावर आबा अंघोळीला गेले. मी चुलीपाशी बसून आईला सगळं सांगितलं. ती भाकरी थापत होती. शिशाचं सांगितलं तेव्हा तिचा हात थांबला नाही.

“अजून निघालं नाय म्हण की,” ती म्हणाली. “चांगला लोहार होता त्यो.”

“कोण लोहार?” मी विचारलं.

“तू पाळण्यात होतीस. शिमग्याला पालखी आली नि यांनी मानाचा बार काढायचा म्हणून त्यात दारू कोंबली. किती कोंबली त्यांनाच ठाव. सगळा जाळ मागं आला. एक भुवई गेली, तोंड काळं. डोळा वाचला तो देवाची कृपा. मंग आठ दिसांनी हे बहिणीच्या लग्नाला मुंबईला गेले. मी लाकडाच्या मोळीत ती बंदूक घातली नि डोक्यावर घेऊन पोलादपूरला लोहाराकडं गेले. त्याला सांगितलं, भायेरून दिसता नये.”

“आणि आबांना कधी कळलं नाही?”

“कळायला ती भरावी लागते,” आई म्हणाली आणि भाकरी तव्यावर टाकली.

मी मनाशी हिशेब लावून पाहिला. माझ्या सगळ्या लहानपणी आबा सकाळी शेतावरून यायचे, आजोबांची बंदूक खुंटीला लावायचे आणि सांगायचे, की आज दोन बार काढले, डुकरं पार वरच्या रानात पळाली. मी हे शाळेत निबंधात लिहिलं होतं. त्याला बक्षीसही मिळालं होतं.

“मग ते जे बार काढल्याचं सांगायचे?”

“सांगायचे,” आई म्हणाली. “शेत काय लांब नाय. बार झाला असता तर मला आयकू आला असता.”

“तू काय म्हणायचीस?”

“म्हणायची, बरं झालं.”

मोरीतून आबांच्या अंगावर पाणी ओतल्याचा आवाज येत होता. आईने भाकरी उलटली. तेव्हा मला वाटून गेलं, की एवढी वर्षं या घरात दोन माणसांनी एकमेकांना न विचारता एक करार पाळला होता, आणि त्यातलं कुणाला किती माहीत होतं हे विचारणारी मी कोण. आबा ओले केस पुसत आत आले आणि जेवायला बसले. आईने त्यांना नेहमीपेक्षा एक भाकरी जास्त वाढली.

त्या वर्षी डुकरांनी नाचणी बरीच खाल्ली. दुसऱ्या वर्षी आईने शेताच्या कडेने आपल्या जुन्या साड्या बांधल्या. कापड हललं की डुकरं बुजतात म्हणे. थोडा फरक पडला. आबा त्याचं श्रेय साड्यांच्या रंगाला देतात.

निवडणूक आली, की परवानेवाल्यांना बंदुका ठाण्यात जमा करून पावती घ्यावी लागते. मागच्या वेळी मी त्यांच्याबरोबर गेले. रांगेत पुढे कशेडीकडचे एक म्हातारे होते, त्यांच्याकडेही ठासणीचीच. दोघांनी एकमेकांच्या बंदुका हातात घेऊन तोलल्या, दस्ते पाहिले, बापांची गावं विचारली.

“वाजते का?” त्यांनी आबांना विचारलं.

“वाजते,” आबा म्हणाले. “पण आता मी वाजवत नाय.”

म्हाताऱ्यांनी मान डोलावली. “मी पण नाय,” ते म्हणाले.

पावती मिळाल्यावर आबांनी ती माझ्याकडून मोठ्याने वाचून घेतली, आणि ‘ठासणीची बंदूक, नग एक’ या ओळीपाशी पुन्हा एकदा वाचायला सांगितली. मग घडी घालून खिशात ठेवली. वर जाणारी एसटी तासाभराने होती, म्हणून ते दोघं म्हातारे स्टँडसमोरच्या हॉटेलात भजी खायला गेले. मला त्यांनी बोलावलं नाही. मी बाकावर बसून सहामाहीचे पेपर तपासले.