आईचं हसणं

बसथांब्यावर मैत्रिणीशी बोलताना एका बाईंना हसू फुटलं, आणि ओटीपोट धरून त्या पटकन बाकावर टेकल्या. मला आई आठवली. गर्भाशय खाली सरकल्यामुळे हसलं, शिंकलं की तिचं अंग बाहेर यायचं. म्हणून ती हसूच आवरायची.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, "पिशवी काढायलाच हवी असं नाही. वर उचलून टाक्यांनी बांधता येईल."

"मग बांधाच," आई म्हणाली. "ही कार्टी नऊ महिने राहिलीय तिथे, भाडं न देता!"

त्या ऑपरेशननंतर ती शेजारी डोकावतील एवढं मोठ्यानं हसायची. ती जाऊन आता वर्ष होईल. माझं पहिलं घर शेवटपर्यंत तिच्यापाशीच होतं, आणि ते हसूही.

मैत्रीण बसमध्ये चढली. मी त्या बाईंशेजारी जाऊन बसले, आणि हळूच आईबद्दल सांगू लागले.