वकिली म्हटल्यावर

"वकील?" काकासाहेबांनी माईक माझ्या तोंडापुढून काढून घेतला. "अरे वाह! मग पुऱ्या कोण लाटणार?"

सगळं सभागृह हसलं.

झाशीतल्या आमच्या मराठी मंडळात बारावीच्या मुलांचा सत्कार होता. काकासाहेब अध्यक्ष. त्यांचे पूर्वज इथे कारभारी होते. आता राज्य उरलेलं नाही, म्हणून ते मंडळाचा कारभार बघतात. माझी आई मंडळाच्या कार्यक्रमांना स्वयंपाक करते. त्या दिवशीही आत स्वयंपाकघरातच होती.

माझ्याआधी मंचावर आलेल्या प्रत्येकाला हाच प्रश्न होता. काय होणार? पूर्वी उत्तरं दोनच असायची. डॉक्टर, नाहीतर इंजिनियर. आता तसं नाही. एकीला मानसशास्त्र घ्यायचं होतं. टाळ्या. एकाला मोबाइलवरचे गेम बनवायचे होते. टाळ्या. काकासाहेबांचा नातू म्हणाला, "अभी सोचा नहीं. एक साल ब्रेक लूँगा." त्यालाही टाळ्या.

"आजची पिढी धाडसी आहे," काकासाहेब म्हणाले.

माझी पाळी आली तेव्हा धाडस संपलं होतं बहुतेक.

हसणं थांबल्यावर त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "बेटा, नर्सिंग कर. फी मंडळ भरेल. वकिली तुमच्यासारख्यांचं काम नाही."

त्यांचा मुलगा वकील आहे. पहिल्या रांगेत मोबाइल बघत बसला होता.

मला राग आला नाही. रडूही नाही. डोक्यावरचा हात जड आहे, एवढंच कळत होतं. नर्सिंग वाईट नाही. पण ते मी निवडलं नव्हतं.

आई स्वयंपाकघराच्या दारात आली होती. तिनं मान हलवली. हो म्हण.

मी माईक मागितला. त्यांना वाटलं, आभार मानणार.

"फी नको. मी वकिलीच शिकणार."

कुणीतरी पंखा वाढवायला सांगितलं. मी सत्काराची शाल खुर्चीवर ठेवली आणि खाली उतरले.

"आता फी कोण भरणार गं?" आईनं विचारलं.

"माहीत नाही."

"अन् माझं काम गेलं तर?"



काम गेलं. पुढच्या कार्यक्रमाला तिला बोलावलंच नाही. मग काकासाहेबांचा निरोप आला, मुलगी नर्सिंगला गेली तर दोघींचं बघू. आईनं तो जसाच्या तसा सांगितला.

मी नाही म्हणून कळवलं. सध्या मानिक चौकात कापडाच्या दुकानात कामाला उभी असते, सुटल्यावर प्रवेश परीक्षेचा अभ्यास करते. या वर्षी नाही जमलं तर पुढच्या वर्षी बसेन. तेव्हाही नाही, तर त्याच्या पुढच्या. मी काय शिकायचं, हे आता कुणी माझ्या डोक्यावर हात ठेवून ठरवणार नाही. आईसुद्धा नाही.