दुधाची समजलेली दाढ

तिशीत असताना माझी पक्की समजूत होती की कळमनुरी तालुक्यात माझ्याइतकी हुशार बाई दुसरी नाही. आज ती बाई सापडली तर तिच्या तोंडातली मिश्री बोटानं काढून तिच्याच नाकाला फासीन, इतका तिचा राग येतो. पण ती मीच होते, त्यामुळे ते राहून गेलं आहे.

हुशारी कशात होती ते सांगते. आमच्या घरी सून बसलेली दिसली की सासूबाईंना ते सहन होत नसे. शेण झालं की पाणी, पाणी झालं की भाकरी, भाकरी झाली की रान. एकाच गोष्टीला मान होता. बाई मिश्री लावत असेल तर तिला उठवायचं नाही. मिश्री म्हणजे तंबाखू. ती फुटक्या तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, कुटायची, फडक्यातून चाळायची आणि ती पूड बोटावर घेऊन दातांवर, हिरड्यांवर घासत बसायचं. भाजताना अख्खी गल्ली खोकायची. तोंड थुंकीनं भरलं की बोलता येत नाही, आणि जिला बोलता येत नाही तिला कोण काम सांगणार? लग्नानंतर महिनाभरात मला हे उमगलं. सकाळी एकदा लावायची ती मी जेवल्यावरही लावू लागले, मग दुपारच्या चहानंतर, मग झोपायच्या आधी. दर वेळेला अर्धा तास. परसातल्या दगडावर बसून बोट फिरवत राहायचं. सासूबाई आतून हाका मारून थकायच्या आणि मी नुसतं "ऊं" करायची.

वरून कौतुक, की सून दातांची फार निगा राखते. दात काळे कुळकुळीत, हिरड्या भाजलेल्या वांग्यासारख्या, आणि मी त्याला निगा म्हणायची. मिश्रीनं दात घट्ट होतात, असं मी माझ्याहून लहान पोरींना शिकवायचीसुद्धा. मला कोणी विचारलं नव्हतं, तरी शिकवायची.

माझ्या दातांचं जे झालं ते झालं. आता अकरा उरलेत, त्यातले तीन नुसते नावाला. त्याचं मला फार वाटत नाही, माझं तोंड, माझी करणी. राग आहे तो लेकीच्या दाढेचा.

हिंगोली अजून वेगळा जिल्हा झाला नव्हता, कागदोपत्री आम्ही परभणीचेच होतो, तेव्हाची ही गोष्ट. लेक आठ वर्षांची होती. सकाळी डोळे चोळत उठायची ती थेट चहा-बटरवर. रात्री कुरकुर करू नये म्हणून मी तिच्या तोंडात गुळाचा खडा द्यायची, तो गालात ठेवून ती झोपून जायची. दात घासणं म्हणजे चुलीतली राख बोटावर घेऊन दोनदा इकडून तिकडे, तेही शाळेत मास्तर बघतील या धाकानं. ब्रश घरात एकच होता, आमच्या मालकांचा. तो लग्नकार्याला जाताना बाहेर निघायचा आणि परत आल्यावर जो मागेल त्याला मिळायचा. तिघांच्या तोंडातून फिरून तो पुन्हा खुंटीला. आणि तेव्हा आम्ही स्वतःला सुधारलेले समजत होतो.

एक दिवस लेक म्हणाली की मागची दाढ दुखते. मी तिला दारातल्या उजेडात नेऊन तोंड उघडायला लावलं. खाली, सगळ्यांच्या मागं, चांगली रुंद दाढ होती आणि तिच्या मधोमध काळा खड्डा. मी तिला समजावलं की ही दुधाची आहे, पडणारच, मग नवी येईल. पुढचे दुधाचे दात पडले होते, त्यांच्या जागी नवे आले होते, मग ही काय वेगळी? आणि खड्ड्यात मी मिश्री भरली.

तिला गरगरलं. अंगणात जाऊन ती ओकली. मी शेजारणीला सांगितलं, बघा, दाढेतला किडा मेला. इतकी मी शहाणी. तंबाखूनं हिरडी बधिर होते, आणि बधिर झालं म्हणजे बरं झालं, असं माझं वैद्यकशास्त्र होतं.

मग जेव्हा दुखेल तेव्हा मिश्री. पुढं पुढं दुखत नसतानाही ती मागू लागली. बामची रिकामी डबी मीच तिला धुऊन दिली आणि माझ्या डब्यातून भरून दिली. नऊ वर्षांची पोरगी माझ्या शेजारी दगडावर बसून बोट फिरवायची, माझ्यासारखीच मान तिरकी करून थुंकायची. येणाऱ्याजाणाऱ्या बाया म्हणायच्या, लेक अगदी मायवर गेली. आणि मी, काय सांगू, मी खूश व्हायची.

शाळेत एकदा डॉक्टर येऊन पोरांचे दात तपासून गेले. लेकीच्या हातात चिठ्ठी दिली, दवाखान्यात दाखवा म्हणून. मालकांना सांगितलं तर त्यांनी तोंडातली चुना-तंबाखू गालात सरकवली आणि म्हणाले, दातासाठी कोणी दवाखान्यात जातं व्हय? त्यांच्यावर सगळं ढकलायला मला आवडेल. पण चिठ्ठी देवाच्या फोटोमागं खोचली ती मी. हळद शिजवायचे दिवस होते, कढई पेटलेली, माणसं लागलेली. हळद झाली की जाऊ, असं मी ठरवलं. हळद झाली, वाळली, बाजारात गेली, आणि चिठ्ठी फोटोमागंच.

पुढच्या वर्षी, ती दहाची असताना, एका सकाळी उठली तर गाल सुजून डोळ्यापर्यंत आलेला. अंगात ताप. तोंड दोन बोटांपलीकडे उघडेना. पाणीसुद्धा गालावरून ओघळायचं. मी तिच्या तोंडाशी मिश्रीचं बोट घेऊन गेले. हो, तेव्हाही. तिनं मान फिरवली म्हणून वाचली.

एसटीनं हिंगोलीला नेलं. दाताच्या डॉक्टरीण बाई तरुण होत्या, माझ्याहून लहानच. आधी गोळ्या देऊन सूज उतरवली, चार दिवसांनी पुन्हा बोलावलं. त्या दिवशी लेकीला खुर्चीवर घेतलं, दिवा तोंडाकडे वळवला आणि विचारलं की दात कशानं घासतेस. मी लगेच मध्ये पडले, पावडरनं घासते म्हणाले.

"मिश्रीनं," लेक म्हणाली. "माय भरून देते."

बाई नुसत्या पुन्हा तिच्या तोंडात बघू लागल्या. मला ते फार लागलं. ओरडल्या असत्या तर मीही ओरडले असते, ती माझी खासियत आहे. शेवटी मीच म्हणाले की दुधाची दाढ आहे, काढून टाका, नवी येईल.

बाईंनी हातातलं अवजार खाली ठेवलं. "आजी-पणजीपासून सगळ्यांना असंच वाटतं," त्या म्हणाल्या. "ही दाढ दुधाची नाही. सहाव्या वर्षी ही मागून गुपचूप येते. तिच्यासाठी एकही दात पडत नाही, म्हणून कोणाला कळत नाही. ही कायमची होती. आता हिच्या जागी काही येणार नाही."

दोन वर्षं मी त्या खड्ड्यात तंबाखू भरत होते आणि नव्या दाढेची वाट बघत होते. दवाखान्यात माझ्या डोळ्यांना पाणी आलं नाही, राग आला. कोणाचा ते कळेना. बाईंचा, मालकांचा, मास्तरांचा, कोणाचाही चालला असता.

दाढ काढली. तसल्याच उरलेल्या तिन्ही कायमच्या दाढा अजून वाचतील, एकीत मसाला भरावा लागेल, असं बाईंनी सांगितलं. पण अशाच राहिल्या तर त्याही जातील. मग काय करायचं ते लेकीला नाही, मला सांगितलं. सकाळी एकदा आणि रात्री जेवल्यावर एकदा घासायचे, रात्रीचं तर चुकवायचंच नाही. त्यानंतर तोंडात पाण्याशिवाय काही जाऊ द्यायचं नाही, गूळ तर नाहीच. मऊ ब्रश, ज्याचा त्याचा वेगळा, केस वाकडे झाले की फेकून नवा. पेस्ट वाटाण्याएवढी. गोल फिरवत, मागच्या दाढांपर्यंत, जोर न लावता. काही खाल्लं की खळखळून चूळ भरायची. आणि सोबत उभं राहून बघायचं, पोरांच्या शब्दावर सोडायचं नाही. मिश्री त्या दिवसापासून बंद, दोघींची. मग मलाही तोंड उघडायला लावलं. गालाच्या आतला पांढरा चट्टा आरशात दाखवला, तंबाखूचा हा चट्टा पुढं कॅन्सरवर जाऊ शकतो म्हणाल्या आणि दर सहा महिन्यांनी यायला सांगितलं.

येताना तीन ब्रश घेऊन आलो. माझं शहाणपण मात्र एसटीतून उतरलं नव्हतं. लेकीची डबी मी फेकली, माझा डबा ठेवला. मिश्रीवाचून लेकरू डोकं धरून बसायचं, चिडचिड करायचं, पाटीवर लक्ष लागायचं नाही, सासूबाईंच्या डब्यातली मिश्री चोरताना दोनदा सापडलं. मी तिला रागवायची, दटावायची आणि मग शेळ्यांच्या गोठ्यामागं जाऊन स्वतः लावायची.

तिथं तिनं मला पकडलं. तोंड भरलेलं, बोट काळं.

"तू सोड, मंग मी सोडते."

मी तिला मारलं. दाढ काढलेल्या बाजूलाच हात पडला. ती रडली नाही, नुसती गाल धरून उभी राहिली. आजही हळद दळताना, भाकरी थापताना, कुठंही तो हात आठवतो आणि मला तेव्हाच्या त्या हुशार बाईचा गळा धरावासा वाटतो.

डबा मी त्याच दिवशी उकिरड्यावर टाकला. दुसऱ्या दिवशी शोधायला गेले. सापडला नाही, कोणीतरी नेला होता. नाहीतर मी घेतला असता, उगाच मोठेपणा सांगत नाही. पहिले पंधरा दिवस मी घरातल्या सगळ्यांना खायला उठले. मालकांना तर बोलायची सोय नव्हती. दोन-तीनदा शेजारणीकडं जाऊन लावून आले आणि येताना पुदिना चावत आले, लेकीला वास येऊ नये म्हणून. चाळिशीला आलेली बाई, दहा वर्षांच्या पोरीला घाबरून पुदिना चावून राहिली होती.

खरी तकलीफ वेगळीच होती. ब्रशला दोन-तीन मिनिटं लागतात. चूळ भरली की तोंड मोकळं, आणि तोंड मोकळं दिसलं की घरातलं प्रत्येक माणूस काम सांगायला तयार. माझा अर्धा तास गेला होता. एका दुपारी मी दगडावर नुसतीच बसले. सासूबाईंनी हाक मारली. दुसरी मारली.

"काहून गं, मुकी झालीस का?"

"न्हाई, आत्याबाई. बसले हाये. उठले की येते."

त्या दारात येऊन मला बघून गेल्या, जणू घरात कोणी परकी बाई शिरली होती. मग दिवसभर पुटपुटत राहिल्या की आता मॅडम ब्रश करून राहिल्या, मॅडमला कोण बोलणार. पण उठवलं नाही. पंधरा वर्षं मी तंबाखू घासून जे मिळवत होते ते एका वाक्यात मिळत होतं. ते मला आधी सुचलं नाही, याचा राग अजून गेलेला नाही.

लेकीची मिश्री तीन महिन्यांत सुटली. माझी सुटायला वर्ष लागलं. तिच्या बाकीच्या दाढा राहिल्या, पण गेलेल्या दाढेच्या जागी शेजारची कलंडली आहे. ती आजही एकाच बाजूनं चावते. लग्नात घास भरवताना नवऱ्याला तिनं हळूच ती बाजू सांगितली, ते मी बघितलं आणि मांडवामागं जाऊन उभी राहिले.

मग तिला मुलगा झाला. तो दोन वर्षांचा असताना मी हिंगोलीला तिच्या घरी राहायला गेले होते. संध्याकाळी जेवण झालं की ती त्याला मांडीवर आडवा घ्यायची, इवलासा ब्रश, त्यावर तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट, आणि एकेक दाढ घासायची. तो घर डोक्यावर घ्यायचा. तिसऱ्या दिवशी मला राहवलं नाही. मी म्हणाले की लेकरू किती रडून राहिलं, एक दिवस नाही घासले तर काय होतं, दुधाचेच तर आहेत.

तिचा हात थांबला. माझ्याकडं न बघता ती म्हणाली, "माय, तू ह्याच्या तोंडाजवळ यायचं न्हाई."

माझ्या जिभेवर दहा उत्तरं आली. मी तुझी माय, मी तुला वाढवलं, सगळी हजर. मी ती गिळली. उठून दुसऱ्या खोलीत जावं असं वाटलं, पण मग तिथंच खाली बसले, तिच्या गुडघ्याशी, आणि पोराचे दोन्ही पाय धरले. कारट्यानं लाथ मारली ती बराबर माझ्या हनुवटीवर.

लेकीनं पुन्हा ब्रश उचलला. वरच्या झाल्या, खालची एक बाजू झाली.

"सोडू नको," ती म्हणाली, "मागच्या दोन राहिल्यात अजून."