एर्लिंदामामीच्या घायपाताचा तुरा

“घाई तहानेला असते, झाडाला नसते,” असं क्रिसोफोरोमामा दिवसातून एकदा तरी म्हणायचाच. म्हणायचा आणि मिशीवरचा पुल्केचा फेस पुसायचा. आमच्या मेस्कितालच्या खोऱ्यात आंबवून पुल्के ही दारू करायला घायपाताचा रस काढणारे पुष्कळ आहेत, पण मामासारखा हात कुणाचा नाही. मी भाचा म्हणून सांगत नाही. टेकडीपलीकडची माणसंही हेच सांगतील.

घायपात जन्मात एकदाच फुलतं आणि फुलून मरतं. त्याआधी त्याचा गाभा निमुळता होतो. नेमकी ती वेळ ओळखून पहारीने कोंब काढायचा, म्हणजे तुऱ्यासाठी साठवलेला सगळा गोडवा खळग्यात झरू लागतो. ज्याच्या दारात घायपात फुललं, तो आमच्याकडे आळशी ठरतो.

आणि एर्लिंदामामीला फूलच बघायचं होतं.

तिचं घायपात शोभेचं, हिरव्या पानाला पिवळी किनार असलेलं. धाकट्या लेकीच्या लग्नात तिने त्याचं पिल्लू आणलं. ओल्या जखमेने लावलं तर कुजतं, म्हणून आधी सावलीत सुकवलं आणि मग लाल खडीच्या उंचवट्यावर बसवलं. भोवती गोल निवडुंग आणि पांढरे धोंडे. कुणी पाण्याचा तांब्या घेऊन जवळ गेलं की ती ओरडायची, “बुडवतोस का रे त्याला?”

यंदा त्याचा गाभा बारीक झाला. मामाचा हात आपोआप पहारीकडे गेला.

“म्हाताऱ्या, ह्याला हात लावलास तर माझ्या हातची मक्याची तोर्तिया विसर.”

“लोक हसतील गं.”

“हसू देत. आजवर प्रत्येकाचा कोंब तू काढलास. मला एकदा मान वर करून बघायचंय.”

मामाने पहार भिंतीला टेकवली. पण गावात तो याबद्दल अवाक्षर बोलला नाही आणि तिथंच घोळ झाला.

सोमवारी बाजार करून आम्ही तिघं परतलो, तर अंगणात नाबोर उभा. नाबोर म्हणजे मामाच्या थोरल्या लेकीचा बाप्तिस्म्यातला धर्मपिता, म्हणून मामाचा कोंपाद्रे. घामाघूम झालेला, हातात पहार, आणि गाभ्याची दोन कोवळी पानं खाली पडलेली.

“नाबोर! काय केलंस हे!” मामी किंचाळली.

“हळू बोला, हळू! कोंपाद्रेची नजर गेली हे गावाला कळू नये म्हणून तर गुपचूप आलो. गाभा केव्हाचा तयार झालाय आणि ह्याला पत्ता नाही!”

“मला दिसतंय, गाढवा.”

“मग कापलं का नाहीस?”

मामाने कुंपणाकडे पाहिलं. तिथं चार डोकी जमली होती. त्याने टोपी काढली आणि त्या चौघांनाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, “तिला फूल बघायचंय. आणि मलाही!”

नाबोर मटकन धोंड्यावर बसला. “आधी सांगायचंस की रे, कोंपाद्रे!”

मामाने काट्यांमधून हात आत घातला, कोपरापर्यंत ओरखडे काढून घेतले. “कोंबाला घाव बसलाय. जगेल की नाही, सांगता येत नाही.” त्याच्या तोंडून असं वाक्य मी कधीच ऐकलं नव्हतं.

मग नाबोर रोज उजाडताच येऊ लागला. “आलं का?” “नाही,” मामा सांगायचा. मामी तर त्याच्याशी बोलेनाच. आणि एका सकाळी तिने अशी आरोळी ठोकली की कोंबड्या छपरावर चढल्या. गाभ्यातून टोक वर आलं होतं! एका अंगाला करपलेलं, वाकडं, पण जिवंत! नाबोरने मामीला उचलून गरकन फिरवलं आणि तिने त्याच्या डोक्यात टोपली हाणली. त्यांचं भांडण तिथंच मिटलं.

दांडा असा चढू लागला की सकाळचा संध्याकाळी ओळखू येईना. कुंपण मागे पडलं, छप्पर मागे पडलं.

“क्रिसोफोरो, तुझा आळस फार वाढला रे!” रस्त्यावरून कुणी ओरडायचं.

“वर बघून बोल, टोपी पडेल!” मामा उलट ओरडायचा.

दांडा मध्येच वाकडा होता, अगदी नाबोरच्या नाकासारखा. नाबोर हे स्वतःच सगळ्यांना सांगत सुटला.

शेवटी वर ताटल्यांसारख्या फांद्या पसरल्या आणि एके दिवशी पहाटे पहिली ताटली पिवळी होऊन उघडली. मधमाश्यांचा नुसता कल्लोळ! मामी दांड्याखाली खुर्ची ओढून बसली, मान मागे टाकून. नाबोरने शिडी धरली, मामा वर चढला, फुलात बोट बुडवलं आणि खाली येऊन ते तिच्या ओठांना लावलं.

“कसं आहे?”

“गप्प बस. बघू दे मला.”

पण मामाला गप्प बसवेना. तो गल्लीत निघाला, सदऱ्याची बटणं वरखाली लागलेली. प्रत्येक दारावर थाप मारायचा. “उठा रे! आमच्याकडे फुललंय! चला, बघायला चला!”

नाबोर शिडी धरून वर बघत होता. मामीने मात्र फुलावरची नजर काढली आणि मामा गल्लीच्या वळणाआड जाईपर्यंत ती त्याच्याकडेच बघत राहिली.