दुपारची लातूर-नांदेड गाडी

नांदेडच्या आमच्या प्रयोगशाळेत तोंडाच्या कॅन्सरवर काम चालायचं, म्हणजे बहुतेक मी एकटीच करायचे. विद्यार्थी येत, पदवी घेऊन पुण्या-हैदराबादला निघून जात. लातूरचे एक सर्जन शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठीचा बारीक तुकडा रुग्णाच्या संमतीनं माझ्यासाठी ठेवत. दर बुधवारी मी बर्फाची पेटी घेऊन एसटीनं जायचे, दुपारच्या गाडीनं परतायचे. त्या पेशींतली कोणती जनुकं बिघडली, हे मला शोधायचं असे.

त्या गाडीला बहुधा एकच कंडक्टर असत, लोहा गावचे, पन्नाशीतले. कंडक्टरला आमच्याकडे मास्तर म्हणतात, मीही म्हणायचे. पेटीला हिसके बसू नयेत म्हणून ते मला ड्रायव्हरमागची जागा राखून ठेवत. पेटीत काय आहे, हे त्यांनी सुरुवातीलाच विचारलं होतं. लोक बिचकतील म्हणून मी लस आहे असं सांगितलं. तेव्हापासून ते पेटीजवळ कुणाला पाय ठेवू देत नसत. गर्दी ओसरली की शेजारी बसून तंबाखू मळत, मुलीच्या नर्सिंग कॉलेजचं सांगत. कामाखेरीज माझ्याशी बोलणारं आठवड्यातून तेवढंच एक माणूस होतं. तंबाखूबद्दल मी कधी अवाक्षर काढलं नाही. काढलं तर ते बोलायचे थांबतील, अशी धास्ती वाटायची. हे कुणाला पटणार नाही, पण खरं आहे.

अशी सहा वर्षं गेली. मुलगी नोकरीला लागली, त्या बुधवारी त्यांनी गाडीत पेढे वाटले. स्वतः मात्र पेढ्याचा कण मोडून ओठांच्या फटीतून आत सारला. मी तोंड उघडायला सांगितलं. दोन बोटंही जाईनात.

"कधीपासून?"

"दाढ दुखायली, मॅडम. वर्ष झालं असंल."

पुढच्या बुधवारी मी त्यांना सर्जनकडे नेलं. तपासून झाल्यावर आम्ही बाहेर बाकावर बसलो. मला यातलं कसं कळतं, असं त्यांनी विचारलं. तेव्हा मी पेटीत खरं काय असतं ते सांगितलं.

"सहा वर्षं शेजारी बसून?" एवढंच ते म्हणाले.

शस्त्रक्रियेत अर्धा जबडा गेला. तुकडा देण्याच्या संमतीपत्रावर त्यांनी मला न सांगता सही केली होती. तुकड्याच्या नळीवर नुसता नंबर होता, पण सोबतच्या कागदावर वय आणि लोहा तालुका वाचून मला कळलं. परतीच्या गाडीतल्या नव्या कंडक्टरनं पेटी मागं ठेवायला सांगितलं. मी ती मांडीवरच धरून आले.

त्यांच्या पेशींत नेहमीचेच बिघाड निघाले. मी तीनदा तपासलं. काही निराळं सापडलं असतं, तर ते सांगायच्या निमित्तानं त्यांच्याकडे जाता आलं असतं.

शेवटी निमित्ताशिवायच लोह्याला गेले. ते चमच्यानं चहा पीत होते. मी माफी मागितली. ते काहीतरी बोलले, मला समजलं नाही. त्यांच्या पत्नीनं सांगितलं, "ते म्हणायलेत, 'मी तरी कुठं ऐकलं असतं.'"

खरंच तसं म्हणाले, की मला बरं वाटावं म्हणून त्या बोलल्या, ते मी विचारलं नाही.

त्यांची मुलगी अधूनमधून फोन करते. बाबांचं वजन थोडं वाढलं, असं सांगते. मी चांगलं झालं म्हणते आणि फोन ठेवते.