लिमये मॅडम आणि निळे दिवे

आमच्या फ्लाइंग स्कूलमध्ये नवी तुकडी आली की पहिल्याच संध्याकाळी हँगरसमोरून एक वरात निघे. दोन मुलं एका लांब दोरीची दोन टोकं धरून चालत, मधोमध तिसरा, आणि मागे हात पाठीशी बांधून कॅप्टन वसुधा लिमये. दोरी बरोबर विमानाच्या पंखांएवढी. मधल्याने पायलट व्हायचं आणि कुंपण, खांब, उभी विमानं चुकवत वरात पार्किंगपर्यंत न्यायची. दोरी कुठे घासली की मॅडम शांतपणे म्हणत, "अभिनंदन. पंख गेला. आता उरलेल्या विमानात बसून घरी जा." मेकॅनिक मंडळी चहाचे कप घेऊन बघायला येत आणि विचारत, "आज नवरदेव कोण?"

मॅडम नारायण पेठेतून स्कूटरवर येत. शहराबाहेरची आमची धावपट्टी लहान. तिचं नाव इथे नको. विमान उडवायला आम्ही सगळेच शिकवत होतो. ते जमिनीवर चालवायलाही शिकवावं लागतं, असं मात्र त्यांच्याशिवाय कुणाला वाटत नसे. दिवसा गवत दिसतं, इमारती दिसतात. रात्री टॅक्सीवेच्या, म्हणजे धावपट्टी ते पार्किंग या विमानाच्या रस्त्याच्या, दोन्ही कडांना फक्त निळे दिवे असतात. त्यांच्यावरून ना अंतर कळतं, ना वेग.

खडकीचा रोहन म्हणून एक उत्साही मुलगा होता. एका रात्री तो टॅक्सीवेवरून विमान नेत असताना शेजारी बसलेल्या मॅडम त्याला म्हणाल्या, "अहो, आपण कुठे निघालात?"

"मॅम, स्लोच आहे ऑलरेडी."

"स्लो असतं तर दिवे वेगवेगळे दिसले असते. मला नुसती निळी रेघ दिसतेय. माणूस चालतो तसं चालवा."

समोर दुसरं विमान आलं की आपला पुढचा दिवा बंद करायचा, कारण "समोरचा पायलट आंधळा झाला तर येऊन आपल्यालाच धडकणार". चेकलिस्ट वाचायची ती थांबून. आणि थांबल्यावरही बाहेरच्या एका दिव्यावर नजर ठेवायची. "दिवा सरकताना दिसला तर तो दिवा सरकत नाहीये. आपण सरकताय."

मॅडमविषयी लिहावं असं अनेकदा वाटलं, आणि दर वेळी एका रात्रीपाशी येऊन मी गप्प बसलो. आज ती रात्र सांगतो.

हिवाळा होता, धुकट हवा. मी आणि मॅडम एका सरावाच्या उड्डाणावरून परतलो होतो. विमान मी चालवत होतो, त्या शेजारी होत्या. उतरून टॅक्सीवेवर आलो. पुढे डावीकडे दोन वळणं होती, एक पार्किंगकडे जाणारं आणि दुसरं फिरून परत धावपट्टीवर. धावपट्टीवर तेव्हा दुसऱ्या विमानाचा उतरण्या-उडण्याचा सराव चालू होता. नेमके त्या दोन वळणांपाशीचेच दिवे दुरुस्तीसाठी काढलेले.

"हेच वळण," मी म्हणालो.

"बोर्ड वाचलास?"

"मॅडम, पाठ आहे मला हा रस्ता."

"पाठ आहे तो दिवसाचा."

मी वळायला लागलो आणि विमान जागच्या जागी थांबलं. त्यांनी ब्रेक दाबला होता. मी काही बोलायच्या आत त्यांनी रेडिओ घेतला. "टॉवर, आम्ही टॅक्सीवेवर थांबलो आहोत. आम्ही नक्की कुठे आहोत ते आम्हाला माहीत नाही." हे टॉवरने ऐकलं, हवेतल्या विमानाने ऐकलं, आणि ब्रीफिंग रूममध्ये रेडिओ लावून बसलेल्या सगळ्या मुलांनीही. माझे कान तापले.

वाट दाखवायला जीप आली. ड्रायव्हरने खाली उतरून टॉर्च मारला. "बरोबरच हाय की सर तुमचं. ह्येच वळण."

"सांगितलं नव्हतं?" मी म्हणालो.

"बरोबर निघालास," मॅडम म्हणाल्या. "पण तुला ते माहीत नव्हतं. तू ठोकून दिलंस."

दुसऱ्या दिवशी कँटीनमध्ये रोहनने विचारलं, "सर, काल मॅडम हरवल्या का?" रेडिओवर आवाज त्यांचा होता, तेव्हा विमानही त्याच चालवत असणार, असं मुलांनी धरलं होतं. मी म्हणालो, "होतं रे असं. वय होतं माणसाचं." एवढंच. खोटं एक अक्षरही नव्हतं त्यात, आणि खरंही नव्हतं.

संध्याकाळपर्यंत मुलांच्या ग्रुपवर ढगांतल्या विमानावर चिकटवलेला मॅडमचा फोटो फिरू लागला, खाली लिहिलेलं: 'रिक्षा बोलवू का, मॅडम?' त्यांनी तो पाहिला आणि वर्गात म्हणाल्या, "विनोद बरा आहे. फक्त चित्रातलं विमान हवेत आहे. आम्ही हरवलो ते जमिनीवर." त्यांनी 'आम्ही' म्हटलं. माझं नाव घेतलं नाही.

पुढे प्रमुख प्रशिक्षक नेमायची वेळ आली. संचालकांनी मला विचारलं, "लिमये सीनियर आहेत, पण रात्रीच्या त्या प्रकाराबद्दल ऐकलंय. खरं का?" मी खिडकीबाहेर बघत राहिलो. प्रमुख मी झालो. त्या माझ्या हाताखाली शिकवत राहिल्या, दोरी घेऊन.

यंदा त्या निवृत्त झाल्या. निरोपाच्या भाषणात मी त्यांची पोटभर स्तुती केली आणि ती रात्र तेवढी वगळली. नंतर स्कूटरपाशी गाठून सगळं बोललो. कँटीनमधलं, खिडकीतलं, सगळं.

"हे मला कशाला सांगतोस?" त्या हेल्मेट घालत म्हणाल्या. "मी होते की विमानात."

"तुम्ही कधी बोलला का नाहीत?"

"आधी राग आला म्हणून. आपणहून सांगतोस का ते बघत होते. मग बघितलं, पोरं थांबायला लागली होती. तो रोहन, त्या महिन्यात दोनदा थांबला आणि टॉवरला विचारलं. मॅडमच हरवतात म्हटल्यावर त्यांना कसली लाज? चाललं होतं ते मोडायचं कशाला?"

ज्या गोष्टीने त्यांचं पद हुकलं, तिचाच त्यांनी धडा करून टाकला होता. इतकी वर्षं त्यांनी शिकवलेल्या मुलांचा मला अभिमान वाटायचा. ती कशाच्या जोरावर घडली ते मला त्या स्कूटरपाशी कळलं.

"मग आता काय करू?"

"आता मी नाही. पुढच्या तुकडीला कुणीतरी हरवलेलं लागेल ना?" त्यांनी स्कूटर सुरू केली. "प्रमुखच हरवतो म्हटलं की जास्त चांगलं चालेल."

गेल्या आठवड्यात नवी तुकडी आली. अंधार पडल्यावर मी त्यांना टॅक्सीवेच्या कडेला उभं केलं. एका मुलीने विचारलं, "सर, इथे कुणी कधी हरवलंय का?"

"मी," मी म्हणालो. "विमान मी चालवत होतो. ते थांबवलं कॅप्टन वसुधा लिमये यांनी."