आखूड लेन्स आणि माझं नाक

माझ्या लग्नाच्या वेळी पत्रिका जुळली, गावही जवळचं निघालं. सगळं अडलं ते नाकावर.

काका पांढुर्ण्याला कापसाच्या जिनिंगमध्ये कारकून. घरात कॅमेरा फक्त त्यांच्याकडे आणि लेन्स दोन, एक लांब, एक आखूड. चेहरा काढायचा तर लांब लावून चार पावलं मागे जायचं, घोळक्याला आखूड, हे त्यांनीच मला शंभरदा ऐकवलेलं. पण सौंसरच्या स्थळाला फोटो पाठवायचा ठरला आणि आई अडून बसली. फोटोत पोरगी हवी, शिलाई मशीन हवी, मागचं संत्र्याचं झाडही हवं. काकांच्या पाठीला तर भिंत लागलेली. त्यांनी मुकाट्याने आखूड लेन्स लावली आणि अगदी माझ्या तोंडापुढे येऊन बसले.

मशीन आली, झाड आलं. नाक तर सगळ्यांच्या पुढे आलं. मला रडू फुटलं, पण रोल संपला होता आणि आईच्या मते मशीन झकास दिसत होती. फोटो पोस्टात पडला.

आठ दिवसांत उत्तर, बघायला येतो. सोबत मुलाचा स्टुडिओतला फोटो, लांबून काढलेला, नाकीडोळी नीटस. तो मला बघताक्षणी आवडला. हा माझं तसलं नाक पाहूनही येतोय, याचंच अप्रूप वाटत होतं.

मंडळी आली तेव्हा उलगडा झाला. मुलगा आणि त्याची आई, दोघांचीही नाकं उंबऱ्यातून आधी आत आली. मी पोहे घेऊन गेले. त्याच्या आईने मला पाहिलं, पिशवीतून फोटो काढला, पुन्हा मला पाहिलं.

"फोटोवाली पोरगी कुठी आहे?"

"हेच थे," आई म्हणाली.

"काहून फसवून राहिल्या बाई आमाले? तिचं नाक आमच्या घरातलं होतं. हे तिची लहानी बहीण दिसते."

एक दाखवून दुसरी उजवल्याच्या गोष्टी सगळ्यांनीच ऐकलेल्या. त्या उठून चपला शोधू लागल्या. मला हेच स्थळ हवं होतं.

काका धावत कॅमेरा घेऊन आले. आखूड लेन्स चढवली, मला मशीनपाशी बसवलं आणि कॅमेरा मुलाच्या आईच्या हातात दिला.

"जवळ बसा. अजून जवळ. आता पाहा."

"आलं बाप्पा नाक," त्या म्हणाल्या आणि खाली बसून पोह्यांची बशी ओढून घेतली.

मग कॅमेरा मुलाकडे गेला. पोहे संपले, चहा झाला, तरी त्याचा डोळा निघेना. मी उगाच मशीनचं चाक फिरवत बसले.

"रोल नाही त्याच्यात," काका म्हणाले.

"माहीत आहे. फोकस करून राहिलो."

"मंग हे लांबवाली लावतो. चेहऱ्याले हेच लागते, चार पावलं मागं जा."

"राहू द्या," तो म्हणाला आणि पाट आणखी पुढे सरकवला. "हेच बरी आहे."